गप्प पंगत

मुलांनो, डोंगरापलीकडच्या एका जंगलात एक ससा आणि एक खार शेजारी शेजारी राहत. एकदा दोघे दूरच्या तळ्याकाठी आपल्या आप्तांना भेटायला निघाले. दुपार झाली. शिदोरी केव्हाच संपली होती आणि भुकेने दोघांचा जीव कासावीस झाला होता. तेवढ्यात वाटेच्या वळणावर एक खानावळ दिसली. अंगण सारवलेले, केळीची पाने मांडलेली, आणि पंगतीत पाठमोरे बसलेले पाहुणे : एक साळिंदर, दोन लांडोरी, एक पाडस. "गर्दी आहे, म्हणजे जेवण चांगलेच असणार!" खार म्हणाली. आतून कोल्हा लगबगीने बाहेर आला. "या, या. तुमच्यासाठी दोन जागा राखूनच ठेवल्या आहेत," तो अगदी हळू आवाजात म्हणाला.

खार पाडसाशेजारी बसली. समोर वाफाळता भात आला, पण तिचा घास हातातच राहिला. एवढी मोठी पंगत, पण भुरक्याचा आवाज नाही, कुणी मीठसुद्धा मागत नाही. सगळ्यांची पाने भरलेली होती आणि त्यांवरच्या भाताला बुरशी आली होती. "बाळा, भाजी कशी आहे रे?" तिने पाडसाला विचारले. मग तिने हळूच त्याच्या पाठीला हात लावला, तर पाठ आत दबली. कानामागची शिवण उसवली आणि वाळलेले गवत भुरभुर खाली पडले.

सशानेही ते पाहिले. आवाज सावरून तो कोल्ह्याला म्हणाला, "ओढ्यावर हात धुऊन येतो आम्ही."

"या सावकाश," कोल्हा हसला. "इथे आलेला पाहुणा परत जातच नाही, इतके त्याला आवडते."

ओढा ओलांडताच दोघे जीव मुठीत धरून पळत सुटले. पुढे एका वडाखाली त्यांना गलका ऐकू आला. एक म्हातारी माकडीण वाढत होती. कावळे भाकरीवरून भांडत होते, हरिणी पिलांना दटावत भरवत होत्या. "जागा नाही रे बाबांनो, जरा थांबा!" माकडीण ओरडली. तिचा तो करडा आवाज ऐकून खारीला रडूच कोसळले. "तिकडे आमच्यातले कुणी फिरकत नाही," हकीकत ऐकून एक हरिणी म्हणाली. "तिथे जातात ते फक्त वाटसरू."

अखेर दोघांना पान मिळाले. खार पहिला घास घेणार, तोच तिला एक तित्तिरी पिलांना घेऊन खानावळीच्या वळणाकडे जाताना दिसली. घास तसाच टाकून खार धावली. "थांबा! तिकडे नका जाऊ!" तिने हाक मारली, आणि तित्तिरीने तिथेच थांबून पिलांना पंखाखाली घेतले.

तात्पर्य : परक्या गावी नुसती गर्दी पाहून जेवायला बसू नये; तिथली माणसे आपल्या मुलाबाळांसह जिथे जेवतात, तिथे थोडे थांबावे लागले तरी थांबावे.