हलकं जू

जुने बैल नवख्या खोंडांना गाडी ओढायला शिकवत, त्या काळची ही गोष्ट. हौश्या मोठा मायाळू शिक्षक होता. लाडक्या चांद्याची मान दुखू नये म्हणून दोघांचं ओझं तो एकटाच पेलायचा. चांद्या डौलात चाले. सगळे वाखाणत.

पुढे चांद्या दुसऱ्या बैलाच्या जोडीने घाटात गेला. पहिल्यांदाच खरं ओझं मानेवर आलं, पाय घसरले, आणि तो परत आला नाही.

मग गुंज्या शिकायला आला. हौश्याने त्याच्या वाट्याचं ओझं त्याच्यावरच सोडलं.

"आजोबा, मान मोडली की! म्हातारपणी आळस चढला वाटतं?"

"चढला असेल. तू ओढ, मी बाजूलाच आहे."

"चांद्यालाही असंच छळलंत?"

"नाही रे," हौश्या हळूच म्हणाला. "छळलं असतं, तर आज त्यानेच तुला शिकवलं असतं."