खारजाईला बोललेला नवस

एका राज्यात पाऊस पाहुण्यासारखा येई आणि पाहुण्यासारखाच निघून जाई. भुई तांबडी, झाडं काटेरी, माणसं काटक. राज्याच्या मधोमध एक तळं होतं. भोवतालच्या टेकड्यांवरून ओढे उतरत आणि तळ्याला मिळत. पाण्याला आत यायला वाटा होत्या, बाहेर जायला एकही नव्हती. ऊन पाणी पिऊन टाकी, मीठ मागे राही. युगानुयुगं हेच चाललेलं. म्हणून तळं खारं होतं. इतकं खारं, की थेंब जिभेला लावला तर डोळे आपोआप मिटावेत.

त्या तळ्यात मासा नव्हता, कमळ नव्हतं. पण पाणी हिरवंगार होतं. त्या हिरव्यावर जेमतेम डोळ्यांना दिसणारे गुलाबी किडे जगत आणि त्या किड्यांवर रोहित पक्षी जगत. काठीसारखे पाय, वाकडी चोच, गुलाबी पंख. थंडीत त्यांचा थवा उतरला की तळ्यावर कुणी गुलाल उधळलाय असं वाटे. काठावर एक देवळी होती. तिच्यात तळ्याची देवी, खारजाई. तिला मुखवटा नाही, दागिना नाही. नुसता एक पांढरा खडा. देवळीच्या पायथ्याशी गोड्या पाण्याचा झरा. मीठ तळं देई, पाणी झरा देई. कुणाचं काही अडत नव्हतं.

राजाचं नाव शीलकेतू, राणीचं नाव सुव्रता. राणी मोठी नेमाची. वारांचे उपास करी, तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट घेत नसे. पण तिची कूस रिकामी होती. एके दिवशी ती खारजाईपुढे उभी राहिली. हात जोडले. म्हणाली, "जाई, सगळ्या देवींना गोडाचा नैवेद्य मिळतो. तुझ्या वाट्याला मेलं हे खारट पाणी. मला एक लेक दे. मी तुझं तळं गोड करीन."

देवी काहीच बोलली नाही. राणीला तो होकार वाटला.

वर्ष सरलं आणि राणीला मुलगी झाली. मुलगी कशी? टाचा गुलाबी, तळवे गुलाबी, हसली की कानाच्या पाळ्याही गुलाबी. तिचं नाव पाटला ठेवलं. पाटला अंगणात दुडुदुडु धावू लागली, तशी राणीला नवसाची आठवण झाली. ती राजाला म्हणाली, "महाराज, बोललेलं फेडायला हवं."

त्या काळी मधुमुख नावाचा जादूगार गावोगाव फिरत असे. मनानं वाईट नव्हता. पण कुठलीही गोष्ट होती तशी त्याला पाहवत नसे. राजानं त्याला बोलावलं.

"तळं गोड करता येईल?"

"येईल."

"मोल काय घ्याल?"

"काही नको. जगात खारट काही उरलं नाही, एवढं पाहिलं की माझं पोट भरेल."

मधुमुखानं छडी उचलली आणि टेकडीवर मारली. टेकडी दुभंगून खिंड पडली. दूरच्या एका नदीनं, बाईनं नेसूचा घोळ उचलावा तसा आपला प्रवाह उचलला, आणि ती एका बाजूनं तळ्यात शिरून दुसऱ्या बाजूनं त्या खिंडीतून बाहेर पडली. जाताना युगायुगांचं मीठ घेऊन गेली. छडी खिंडीतच रोवलेली राहिली. तळं भरलं, काठावर चढलं. झरा बुडाला, देवळीत पाणी आलं. लोकांनी तळ्याचं पाणी ओंजळीनं पिऊन पाहिलं. गोड! घरोघर पुरण शिजलं. राणीनं समाधानानं वात लावली. नवस फिटला होता.

मग हळूहळू एकेक कळू लागलं.

पाण्यातलं हिरवं विरलं. गुलाबी किडे काठाला लागले आणि वाळून गेले. थंडीत रोहित पक्ष्यांचा थवा आला, तळ्यावर घिरट्या घालत राहिला, पाय न टेकवताच निघून गेला. थकल्या पंखांची एक म्हातारी पक्षीण तेवढी मागे राहिली. पाण्यावर पानवेलींचा गालिचा पसरला, त्यातून डासांचे ढग उठू लागले. खिंडीखालची शेतं वाहून आलेल्या मिठानं पांढरी पडली. आणि स्वयंपाकघरांतून एक नवलच झालं. मीठ होतं, पण ते खारट लागेना.

राजा पानावर बसला. म्हणाला, "आमटी अळणी आहे."

आचारी म्हणाला, "महाराज, तीन मुठी घातलंय."

"मग चौथी घाल."

"चौथीही घातली. आमटीला पत्ता नाही. आता म्हणाल तर मीच उडी मारतो भांड्यात."

राजाला हसू आलं. पण राणीला आलं नाही. त्याच सकाळी पाटलाला न्हाऊ घालताना तिला पोरीच्या टाचा पांढऱ्या दिसल्या होत्या.

टाचांचा गुलाबी रंग गेला. मग तळव्यांचा गेला, मग गालांचा. पुढे तर पाटलानं समईपुढे हात धरला आणि हाताआडून ज्योत दिसली. वैद्य आले. म्हणाले, "नाडी लागते आहे, राणीसाहेब. पण मनगट दिसेनासं झालंय."

पाटला म्हणाली, "आई, मी कुठं चाललेय?"

राणीनं पोरीला कडेवर घेतलं आणि ती तळ्यावर गेली. पाहते तो देवळी रिकामी. खडा नाही. काठाला ती म्हातारी पक्षीण एका पायावर उभी होती. ती बोलली.

"नवस फेडणारी राणी ती तूच ना?"

"मीच. पक्षीणबाई, नवस फेडला तरी लेक हातातून चाललीय. देवी कुठं गेली? कुणाचा शाप लागला मला?"

"शाप द्यायला देवी उरलीय कुठं? ती मिठाचा खडा होती. गोड पाण्यात विरघळली. तुझी लेक तिच्याच तळ्याचा रंग घेऊन आलेली. तीही विरघळतेय."

राणी म्हणाली, "मी तिला चांगलंच द्यायला गेले. गोड कुणाला आवडत नाही?"

पक्षिणीनं पंख उघडला. आतून कापसासारखा पांढरा. "हा बघ. माझा रंग त्या किड्यांचा होता, किड्यांचा त्या हिरव्याचा, हिरव्याचा खाऱ्या पाण्याचा. नवस बोलताना देवीला विचारलं होतंस, बाई, तुला काय हवं म्हणून?"

"नाही विचारलं."

"सासर-माहेर दोन्हीकडं पाहुण्याला विचारून वाढता. देवीला मात्र न विचारता वाढलंत."

राणी खाली मान घालून म्हणाली, "आता काय करू? बोललेला नवस मोडला तर पाप लागतं."

"आणि पाळलास तर?"

राणीनं पोरीकडे पाहिलं. तिच्या कपाळाआडून स्वतःच्या हातातल्या बांगड्या दिसत होत्या. ती म्हणाली, "काम सांगा."

"तीन कामं आहेत. पहिलं हातांचं, दुसरं पदराचं. तिसरं वेळ आली की सांगेन. खिंडीतली छडी उपट, जा."

राणी खिंडीत गेली. छडीजवळ मधुमुख येरझारा घालत होता. म्हणाला, "राणी, ही छडी ज्यानं उपटावी, त्याच्या जिभेवरून गोड चव जाईल. पुन्हा कधी येणार नाही. विचार कर."

राणीनं विचार केला. आईच्या हातची खीर आठवली. पाटलाच्या उष्ट्या लाडवाचा तुकडा आठवला. मग दोन्ही हातांनी छडी धरली आणि उपटली. नदीनं वळण घेतलं आणि आपल्या जुन्या वाटेला लागली. मग खिंड बुजवायला राजानं मातीची पहिली पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली. बेलदार म्हणाला, "महाराज, मुकुट काढून ठेवा, चुंबळ बांधा. पाटी मुकुटाला ओळखत नाही." राजानं चुंबळ बांधली. अख्खा गाव लागला आणि खिंड बुजली.

पक्षीण म्हणाली, "आता पदर पसर. या राज्यातल्या घरोघरच्या मिठाच्या रांजणांत जुनं मीठ आहे, तळ्याचंच. तळाशी गुलाबीसर भुकटी असेल. ती चाळू नको, पाखडू नको. जशी मिळेल तशी आण."

राणी दारोदार गेली. राणीनं जोगवा मागावा आणि तोही मिठाचा, हे कुणी पाहिलं होतं? बाया उंबऱ्यावर जमल्या.

"अगबाई! राजवाड्यातलं मीठ संपलं की काय?"

"तळं गोड केलंत ना, राणीसाहेब? मग आता साखर मागा की!"

राणी म्हणाली, "माझंच चुकलं, बयांनो. म्हणून तर मागतेय."

एक कुंभारीण, तिचं नाव धोंडाई, तिनं रांजणात हात घातला आणि अडखळली. "पण राणीसाहेब, मीठ हातात द्यायचं नसतं. भांडण होतं म्हणतात."

"मग उंबऱ्यावर ठेव. मी उचलून घेते. तुझंमाझं भांडण मला परवडायचं नाही."

धोंडाई हसली. तिनं उंबऱ्यावर मूठ उपडी केली. मग प्रत्येक उंबऱ्यावर मिठाची एकेक ढिगली दिसू लागली. काही ढिगल्या मोठ्या, काही चिमूटभर. राणीनं सगळ्या सारख्याच मानानं उचलल्या. बाया म्हणाल्या, "तळं सावरेपर्यंत आम्हीही अळणीच खाऊ. नाहीतरी चव कुठं लागतेय?" असा त्या राज्यात सगळ्यांनी मिळून अळणीचा उपास धरला.

राणीनं पदरातलं मीठ तळ्यात सोडलं. "आता तिसरं काम सांगा."

पक्षीण म्हणाली, "काही करू नको."

"म्हणजे?"

"लेकीला मांडीवर घे आणि काठावर बस. ऊन तळं पिईल, पिऊ दे. पाणी मागं सरेल, सरू दे. त्यात एक थेंबही घालू नको."

राणीला वाटलं, हे सोपं. पण ते सगळ्यांत अवघड निघालं. उन्हाळा चढला. पानवेली वाळल्या. तळं दिवसेंदिवस आक्रसत गेलं, काठाचा चिखल भेगाळला. मांडीवरची पाटला आता नुसती काचेच्या रेघांची उरली होती. हात लावला तरच तिथं आहे हे कळे. ज्या बाईनं जन्मभर काही ना काही वाहिलं, शिंपडलं, ओवाळलं, तिला हात बांधून बसायचं होतं.

मधुमुख भरली घागर घेऊन आला. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं. "राणी, तळं मरतंय. पोर जातेय. मला हे पाहवत नाही. एवढी घागर ओतू दे."

राणीचा हात घागरीकडे गेला. तिनं पक्षिणीकडे पाहिलं. पक्षीण डोळे मिटून एका पायावर उभी. राणीनं हात मागे घेतला. म्हणाली, "मलाही पाहवत नव्हतं, म्हणून तर हे झालं. तुम्हीही बसा. पाहा."

मधुमुखानं घागर खाली ठेवली आणि तो बसला. बिचाऱ्याला बसायची सवय नव्हती.

पाणी आणखी मागं सरलं. देवळीचा पायथा उघडा पडला आणि बुडालेला झरा पुन्हा खळखळला. राणीनं ओंजळ भरून लेकीच्या ओठांना लावली. पाणी ओठांना लागलं, तेव्हा तिला देवळीत काहीतरी चमकलेलं दिसलं. तिथं मिठाचा एक कण बसला होता. राईएवढा. मग ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. मग सुपारीएवढा.

राणी उठली. हात जोडले. म्हणाली, "जाई, मी न विचारता नवस बोलले होते. तो मागे घेते. पाप असेल तर माझ्या माथी असू दे. आता तूच सांग, तुला काय हवं?"

देवी काहीच बोलली नाही. पण या खेपेला राणीनं तो होकार मानला नाही. ती वाट पाहत राहिली.

आधी पाण्याच्या कडेला हिरवी रेघ उमटली. रेघेचा पट्टा झाला, पट्ट्याचं तळं झालं. मग उंबऱ्याउंबऱ्यावरून आलेली ती गुलाबी भुकटी हलू लागली. ती भुकटी नव्हतीच. ती किड्यांची अंडी होती, कोरड्या रांजणांत वर्षानुवर्षं निजलेली. खाऱ्या पाण्यानं त्यांना जागं केलं. तळ्यात गुलाबी धूर पसरावा तसे किडे पसरले. म्हाताऱ्या पक्षिणीनं वाकडी चोच पाण्यात घातली, आणि पोटभर खाऊन मान वर केली तेव्हा तिच्या मानेवर पहिलं गुलाबी पीस होतं. तिनं हाक दिली. थंडीची वाट न पाहता आभाळातून थवा उतरला.

"आई," पाटला म्हणाली, "माझ्या टाचांना गुदगुल्या होताहेत."

राणीनं पाहिलं. टाचा गुलाबी झाल्या होत्या. रंग पावलांवरून चढला, गुडघ्यांवरून चढला, कानाच्या पाळ्यांपाशी येऊन थांबला. पोर मांडीवरून उतरली आणि तळ्यात धावली. राजवाड्यात राजानं आमटीचा भुरका मारला आणि मोठ्यानं म्हणाला, "अरे, चार मुठी कुणी घातल्या रे?"

गावानं सण केला. राणीपुढं खीर ठेवली. तिनं घास घेतला. तो तिला मातीसारखा लागला. गोड चव गेली होती, ती गेलीच. पाटलाला ते कळलं. ती धावत तळ्यावर गेली, बोट बुडवलं, तसंच ओलं बोट धरून परत आली आणि आईच्या जिभेवर टेकवलं.

इतकं खारं, की राणीचे डोळे आपोआप मिटले.

तेव्हापासून त्या राज्यात खारजाईला भाकरी आणि मिठाचा नैवेद्य असतो. रोहित पक्ष्यांची पिलं घरट्यात असतात तोवर तळ्यातून कुणी मीठ उचलत नाही, सगळे अळणी खातात. आणि नवस बोलायला गेलेली बाई आधी देवीला विचारते, तुला काय हवं? मग उत्तराची वाट पाहत काठावर घटकाभर गप्प बसते. मधुमुखही तिथंच असतो. तो आता काठ झाडतो आणि कुणी घाई करू लागलं तर म्हणतो, "बसा हो जरा."

राणीच्या लेकीचा रंग जसा तिला परत मिळाला, तसा ज्याचा रंग त्याला लाभो, ज्याची चव त्याच्यापाशी राहो. खारजाईनं ऐकणाऱ्याचं भलं करावं, सांगणारीचं भलं करावं, आणि न मागता काही देऊ नये.