बिनडोक्याची शिंगं

भैरवगडच्या महाराजांनी सांबराच्या शिकारीवर तीन वर्षं बंदी घातली आणि तिसऱ्याच महिन्यात स्वतःच वैतागले. लाटसाहेब पाहुणे यायचे होते आणि दिवाणखान्याची भिंत मोकळी. त्यांनी रानाचा रखवालदार लुमा पावरा याला फर्मावलं, "सगळ्यात मोठ्या सांबराची शिंगं आठ दिवसांत आण, नाहीतर नोकरी गेली समज."

लुमानं मान डोलावली. चैत्र लागला होता आणि चैत्रात सांबराची शिंगं आपोआप गळतात. आठ दिवस पाणवठे धुंडाळून तो भलीमोठी जोडी घेऊन दरबारात उभा राहिला.

महाराज गरजले, "अरे, डोकं कुठंय?"

"ते सांबर घेऊन गेलं, सरकार. पुढल्या सालची शिंगं उगवायला त्याला लागेल म्हणालं."