केशवअण्णांची चार कुलपं

केशवअण्णा खराडे विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करत. त्यांच्या बंद टेम्पोतून मोटार वर ओढायची चेनपुली आणि तांब्याची तार चोरीला गेली, तेव्हा त्यांनी अकरा वर्षं हाताखाली राबणाऱ्या हणमंताची पिशवी भर चौकात उलटी केली. निघाली ती भाकरी, आणि तीही मातीत पडली. अण्णा मनातून ओशाळले, पण माघार घेणं त्यांना माहीतच नव्हतं. त्याच तावात हणमंताला घेऊन ते शेवंताकाकूंच्या कुलपांच्या दुकानात आले.

"टेम्पोच्या चारी दारांना जादा कुलपं द्या. किल्ल्या आता माझ्याकडेच राहतील. माणसांवर विश्वास टाकून बघितला."

हणमंत मान खाली घालून उभा होता. त्याच्याकडे बघायचं अण्णा टाळत होते.

काकूंनी विचारलं, "आधीचं कुलूप फोडलं होतं का?"

"ओरखडासुद्धा नाही. म्हणून तर म्हणतो, आतलाच माणूस."

"बरं. दार उघडा, माप घेते."

अण्णा दुकानाबाहेर उभ्या केलेल्या टेम्पोपाशी गेले, सवयीने वाकले आणि मागच्या चाकावर ठेवलेली किल्ली काढली. विहिरीत वाकताना एकदा खिशातली किल्ली पाण्यात गेली होती, तेव्हापासून ते ती तिथेच ठेवत. आपण काय केलं, हे दार उघडल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

काकूंनी टेप गुंडाळली.

"चार कुलपं देते, अण्णा. पण एवढ्या किल्ल्या त्या चाकावर मावतील का?"

अण्णांचे कान तापले. किल्ली हणमंताच्या हातावर ठेवताना मातीत पडलेली भाकरी त्यांना आठवली, आणि मान काही वर होईना.