तिसऱ्या तालमीचा पंच

पक्ष फुटला, तेव्हा खरा पक्ष कोणाचा हे ठरवायचं काम सभापती भुजंगराव डांगरे यांच्याकडे गेलं. भुजंगराव स्वतः त्यातल्याच एका गटाचे. दोन वर्षं झाली तरी निकाल नाही. दुसऱ्या गटाच्या अंबूताई खराडे दर सुनावणीला सांगायच्या, "असल्या भांडणांना वेगळा लवाद नेमा. दोन्हीकडचा नसलेला."

भुजंगरावांचं उत्तर ठरलेलं असे. "ताई, खुर्चीत बसलं की माणूस गटाचा राहत नाही."

अंबूताईंनी ते नीट लक्षात ठेवलं. गावच्या जत्रा कमिटीच्या त्या अध्यक्ष होत्या. यंदा शेवटच्या कुस्तीला भुजंगरावांच्या तालमीचा पठ्ठ्या होता, म्हणून पाहुणे म्हणून त्यांनी भुजंगरावांनाच बोलावलं. पैलवानांची सलामी झाली, आणि समोरच्या पैलवानाचे वस्तादच पंचाची शिट्टी घेऊन आखाड्यात उतरले.

भुजंगराव ताडकन उठले. "अहो, हे तर त्याचेच वस्ताद. हे पंच कसे?"

अंबूताईंनी माईक हातात घेतला. "साहेब, शिट्टी तोंडात धरली की माणूस तालमीचा राहत नाही. निकालही ते सवडीनं देतील, दोनेक वर्षांत."

आखाड्याभोवती हशा पिकला. भुजंगराव चिडून म्हणाले, "पंचक्रोशीत तिसऱ्या तालमीचा पंच मिळाला नाही का तुम्हाला?"

"मिळालाय की. तुमच्या मागेच बसलाय," अंबूताई म्हणाल्या. "त्याला आत बोलवायला आम्हाला दोन मिनिटं लागतील. तुम्हाला किती वर्षं लागतील, तेवढं सांगा."