जीभ दाखवणारा डोंगर

एक होता राजा, आणि त्याच्या गावात झोपच नव्हती.

पूर्वी होती, बरं का. गावामागे ढगांचा डोंगर होता. तिथली माणसं ढग पिंजून झोप करायची. दर वर्षी त्यांचा एक माणूस झोपेचं गाठोडं घेऊन खाली यायचा, वेशीवर ठेवायचा आणि निघून जायचा. यंदा राजाला वाटलं, त्याला दरबारात बोलवावं, मान द्यावा. माणूस आला. राजासमोर उभा राहिला आणि त्याने ही एवढी लांब जीभ बाहेर काढली. राजा संतापला. त्याने त्याला गाठोड्यासकट हाकलून दिलं.

झालं. त्या दिवसापासून गावात कुणाच्या डोळ्याला डोळा लागेना. गाई उभ्याच्या उभ्या. कोंबडे दिवसभर आरवत राहिले, कारण पहाट कुठली तेच त्यांना कळेना.

गावात भिवराबाई नावाची कासारीण राहायची. घरोघर जाऊन बायकांना बांगड्या भरायची. तिची लेक ठकू, दीड वर्षाची. ठकू नऊ दिवस झोपली नव्हती. आता तिला रडायलाही येईना, नुसती आढ्याकडे बघत राहायची. भिवराबाई तिला थोपटायची. मांडीवरचं ओझं रोज हलकं होत चाललंय, हे तिला कळत होतं.

मग राजाने झोप मागायला एकामागून एक तीन सरदार डोंगरावर पाठवले. पहिला परत आला, म्हणाला, दारातच त्यांनी जीभ दाखवली. दुसरा म्हणाला, हात झटकून मला हाकललं. तिसरा पार त्यांच्या म्हातारीपर्यंत पोचला होता. तो म्हणाला, तिने माझ्यावर कडाकडा बोटं मोडली, शाप दिला.

दरबारच्या चिटणिसाने तिन्ही गोष्टी वळणदार अक्षरात लिहून घेतल्या. पुढे काय झालं, हे त्याने एकालाही विचारलं नाही. पुढे काही झालंच नव्हतं, बाळांनो. तिघेही तिथूनच पळाले होते. आणि जागेवरून न उठता लिहिलेल्या त्या तीन ओळींवर राजाने लढाई ठरवली. म्हणे, झोप लुटून आणायची.

झोप कधी लुटता येते का? ओढली की विरते ती.

भिवराबाई तडक दरबारात गेली. तीन दिवस थांबा, मी जाऊन येते, म्हणाली. सरदार हसले. कासारीण तिथे जाऊन काय बोलणार, म्हणाले.

"बोलणार नाही, बघणार आहे," ती म्हणाली. "बांगडी चढवताना बाई तोंडाने ओरडत असते, पण तिचा हात सैल असतो. मी तोंडावर भरवसा ठेवला असता, तर गावात एकीच्याही हातात बांगडी दिसली नसती."

राजाने तीन दिवस दिले.

मग ती निघाली. ठकूला शेजारणीकडे ठेवलं, खांद्यावर बांगड्यांची माळ घेतली. चढता चढता झाडं पांढरी झाली, मग झाडं संपली. मग तिला स्वतःचे पायही दिसेनात. पुढे फक्त बांगड्यांची किणकिण जायची आणि तिच्यामागून ती. ढगात शब्द लवकर विरघळतात, म्हणून तिथली माणसं बोलतात कमी आणि हातांनी सांगतात जास्त.

डोंगराच्या दारात, राजाने हाकललेला तोच माणूस उभा होता. त्याने जीभ काढली. भिवराबाईला राग आला. पण ती थांबली, एका दगडावर बसली आणि बघत राहिली. तेवढ्यात एक म्हातारा शेळ्या घेऊन आला. दारातल्या माणसाने त्यालाही जीभ दाखवली. म्हाताऱ्यानेही दाखवली. दोघं हसले, आणि शेळ्या आत गेल्या. अस्सं, ती मनाशी म्हणाली, हा यांचा नमस्कार. ती उठली आणि तिनेही जीभ काढली. माणूस खुलला.

मग त्याने हात झटकला, माशी हाकलावी तसा. भिवराबाई दोन पावलं मागे सरली. त्याचं तोंड उतरलं. ती दोन पावलं पुढे गेली. त्याचं तोंड फुललं. मग ती सरळ आतच गेली.

आत बायकांच्या घोळक्यात एक म्हातारी ढग पिंजत बसली होती. केस ढगाचे की ढग केसांचे, कळत नव्हतं. भिवराबाई पुढे झाली. तिने वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला.

आणि पिंजणं थांबलं. बायकांनी तोंडं झाकली. दारातला माणूस धावत आला. भिवराबाईने चटकन हात मागे घेतला. आपलं काहीतरी चुकलं, काय चुकलं ते कळेना, आणि खाली ठकू जागी.

म्हातारीने तिच्याकडे निरखून पाहिलं. मग विचारलं, "बाई, तुमच्यात असं कधी करतात?"

"थोरामोठ्यांना भेटल्यावर करतो, आजी. आशीर्वाद मागतो."

"आमच्यात माणूस गेल्यावर करतात. निरोप द्यायला." म्हातारी हसायला लागली. "मी अजून जिवंत आहे गं."

मग सगळेच हसले, ढगसुद्धा हलले. हसता हसता म्हातारीने दोन्ही हात पुढे केले आणि भिवराबाईकडे बघत कडाकडा बोटं मोडली. भिवराबाई दचकली. पण पळाली नाही. तिनेही विचारलं, "आजी, हे काय?"

"दहा वाटांनी येणारं वाईट मोडून टाकलं. आता सुखाने जा."

भिवराबाईला तिची आई आठवली. तीही अशीच कानशिलावर बोटं मोडायची, दृष्ट काढायची. त्या तिसऱ्या सरदाराची आई मोडत नव्हती होय?

मग भिवराबाईने ठकूचं सगळं सांगितलं, तेव्हा म्हातारीने झोपेची बारीक बारीक कडी वळली आणि भिवराबाईच्या माळेत ओवली. गाठोडं पोचवायला तो दारातला माणूसही सोबत निघाला.

तिसऱ्या दिवशी दोघं खाली पोचली, तर वेशीवर फौज उभी. पुढे घोड्यावर राजा, बाजूला चिटणीस. त्या भल्या माणसाने राजाला पाहिलं आणि पुन्हा आपली लांब जीभ काढली.

तलवारी उपसल्या गेल्या. भिवराबाई मधे उभी राहिली.

"महाराज," ती म्हणाली, "त्याने नमस्कार केलाय. दुसऱ्यांदा. आता तुम्ही जीभ काढा."

राजाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग हळूच जीभ काढली.

शेजारणीच्या कडेवरची ठकू ते बघून खुदकन हसली. हसता हसता तिला जांभई आली. तिची बघून राजाला आली, राजाची बघून फौजेला. माळेतली कडी एकेक करून सुटली आणि गावावर तरंगत गेली. शिपाई ढालींवर झोपले, घोडे उभ्याउभ्या झोपले. चिटणिसाने घाईघाईने तिन्ही ओळी खोडल्या आणि भिवराबाईला विचारलं, "बाई, काय काय झालं, सगळं सांगता?"

"सांगते," ती म्हणाली. "पण उद्या. आधी माझ्या लेकीला घेऊ द्या."

तिने ठकूला उचललं. ओझं चांगलं जड लागलं, झोपलेल्या लेकराचं लागतं तसं.

तेव्हापासून त्या गावात सगळे सुखाने झोपतात, आणि डोंगरावरून कुणी आलं की राजा आधी जीभ काढतो. चला, आणा बघू तुमची डोकी इकडे. ही मोडली बोटं, कडाकडा. कशासाठी ते आता तुम्हाला ठाऊक आहे. मिटा डोळे.