सोमवारची लाँच

"मग इथं शिकवतं कोण?" काटकर सरांनी विचारलं.

लाँचच्या फळीवर पाय पोटाशी घेऊन बसलेले ढेबे गुरुजी नुसते हसले.

धरणाच्या पाण्याकाठी आमच्या सात वाड्या, सात शाळा आणि प्रत्येक शाळेला एकच शिक्षक. सोमवारी सकाळी तालुक्याच्या धक्क्यावरून लाँच निघते आणि ज्याला त्याला आपापल्या वाडीला उतरवते. तेवढा वेळ आम्ही बोलत बसतो. कुणी बोलावलेलं नसतं, हजेरीपट नसतो, हारतुरे तर नसतातच. रीत एकच. ज्याचा धडा अडला त्याने तो सांगायचा. जमलेला धडा घरी ठेवून यायचा.

ढेबे गुरुजींना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. उतरायला आता त्यांना शाळा नाही. तरी येतात, लाँचबरोबर फिरतात आणि परत जातात.

काटकर सर जूनपासून जांभूळटेंबच्या शाळेवर होते. माणूस हुशार, जिल्ह्याचा पुरस्कार मिळालेला, आणि ते विसरू न देणारा. एरवी ते डोंगराच्या रस्त्याने मोटारसायकलवर यायचे. त्या दिवशी आमच्यावर उपकार करायला म्हणून लाँचवर आले होते. काखेत तक्त्यांची गुंडाळी होती.

धुकं असं होतं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. शेजारच्याचा आवाज आधी यायचा, चेहरा मागाहून.

जंगम बाई म्हणाल्या की हातच्याची वजाबाकी मुलांच्या डोक्यात काही केल्या शिरत नाही. सकपाळांनी सुचवलं, मुलांनाच दहा-दहाच्या रांगेत बसवा, सुटी मुलं संपली की एक रांग मोडा. बाईंनी ते वहीत उतरवून घेतलं.

"तुमचं काय अडलंय?" गुरुजींनी काटकरांना विचारलं.

"माझं काही अडलेलं नाही, आजोबा."

"बरं. मग ऐका."

पण ऐकणं सरांच्या कुंडलीत नव्हतं. त्यांनी तक्ते उलगडले आणि मशीनच्या धडधडीवर आवाज चढवून आपली शिकवण्याची पद्धत सांगायला सुरुवात केली. दवाने तक्ते ओले झाले, तरी सर थांबेनात. कुणीही त्यांना अडवलं नाही. अडवायची रीत नाही.

"गुरुजी, काठ दिसंना," लाँचवाला बाळकू म्हणाला.

"मशीन बंद कर."

हिवाळ्यात पाणी उतरतं आणि काठाजवळ बुडलेल्या झाडांची खोडं वर येतात. चुकलं तर लाँच फुटते. बाळकूने मशीन बंद केलं. सरांचा आवाज एकटाच उरला, फार मोठा वाटायला लागला, आणि तेही थांबले.

लाँच नुसती तरंगत राहिली. आपण पाण्यावर आहोत की कुणाच्या झोपेत, असं मला वाटलं…

बऱ्याच वेळाने सर हळू आवाजात म्हणाले, "एक अडलंय."

त्यांनी खिशातून पाकीट काढलं. तिसरीतली हिरा. जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही. सगळे उपाय करून झाले. हे पत्र तिच्या वडिलांसाठी, तिला जिल्ह्याच्या गावी मतिमंद मुलांच्या शाळेत ठेवा म्हणून. आज द्यायचं होतं.

गुरुजींनी बोट वर केलं, ऐका म्हणून.

टण्… टण्… टण्.

थोडं थांबून पुन्हा तीन.

"ही कुठली घंटा?" सरांनी विचारलं.

"जांभूळटेंबची. तुमच्याच शाळेची," बाळकू म्हणाला. "गेल्या साली मी खोडावर आदळलो, त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं धुकं पडलं की वाजवती. दुसऱ्या वाडीची वाटू नये म्हनून तीन-तीन. शेवटचा मानूस उतरस्तवर थांबत न्हाई. सांगितलं कुनीच न्हवतं तिला."

"कोण वाजवते?"

"हिरा."

सर काठाच्या दिशेला बघत राहिले. तिथे धुक्याशिवाय काही नव्हतं.

"मी पोचतो तेव्हा घंटा होऊन गेलेली असते," ते म्हणाले. ते आमच्याशी बोलत होते असं वाटलं नाही.

टण्… टण्… टण्.

"मशीन चालू करू?" बाळकूने विचारलं.

ढेबे गुरुजींनी मान हलवून नको म्हटलं; मशीनच्या धडधडीत घंटा बुडाली असती. वाकून फळीखालचं वल्हं ओढलं आणि काटकरांच्या पुढे धरलं.

सर हातातल्या पाकिटाकडे बघत होते.

"गुरुजी… या पत्राचं काय करू?"

"हात मोकळे करा," ढेबे गुरुजी म्हणाले. "वल्हं घ्या."